ऑइल वर चढतंय का?

हेड गेलं, हेड बदललं, चार-सहा महिन्यांत पुन्हा गेलं. मावळातल्या मोटारसायकलींची ही कहाणी मी इतक्या वेळा ऐकली आहे की गाडीवाला बोलायला लागला की पुढचं वाक्य मला माहीत असतं. पहिल्यांदा खापर ऑइलवर फुटतं. दुसऱ्यांदा कॅमशाफ्ट डुप्लिकेट होता असं ठरतं. तिसऱ्यांदा माणूस गाडी विकायला काढतो. या सगळ्यात क्लचच्या झाकणाआड, मुठीत मावेल एवढा एक पंप असतो आणि त्याच्याकडे कोणीही पाहिलेलं नसतं.

माझं गॅरेज कामशेतला, जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला आहे. त्याआधी मी पिंपरीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. समोर पार्टांचा ट्रे, हातात मायक्रोमीटर, आणि पार्ट पास की रिजेक्ट एवढंच सांगायचं. तिथे एक गोष्ट अंगात मुरली: डोळ्यांना चांगला दिसतो म्हणून पार्ट चांगला नसतो. गॅरेजच्या धंद्यात आल्यावर पाहिलं, तर इथे बहुतेक निवाडे डोळ्यांवर आणि कानांवर चालतात. कानांवर माझाही विश्वास आहे. पण ऑइल पंपाच्या बाबतीत डोळा साफ फसवतो, आणि म्हणूनच हा लेख.

आधी पंप काय करतो ते सांगतो. १०० ते १५० सीसीच्या गाडीत साधारण लिटरभर ऑइल असतं आणि ते इंजिनच्या तळाशी साठतं. तिथून ते जाळीतून ओढून क्रँककडे ढकलायचं आणि पार वर हेडमध्ये, कॅम आणि रॉकरपर्यंत पोचवायचं, हे पंपाचं काम. वर पोचलेलं ऑइल आपल्या वजनानं खाली उतरतं आणि फेरा पुन्हा सुरू होतो. पंपाच्या पोटात दोन रोटर असतात. आतल्याला बहुधा चार उंचवटे, बाहेरच्याला पाच खाचा. दोघांचे मध्य एकमेकांपासून किंचित सरकलेले, त्यामुळे फिरताना त्यांच्यामधली जागा एका बाजूला वाढते आणि दुसऱ्या बाजूला आवळते. वाढते तिथे ऑइल आत ओढलं जातं, आवळते तिथून ते दाबानं बाहेर पडतं. हे रोटर सहसा लोखंडाची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून बनवतात. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात असे पार्ट कित्येक वर्षं बनत आलेत.

पंप जोरात ढकलतो म्हणून दाब येतो, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे दाब टिकतो तो फटी बारीक असतात म्हणून. रोटर आणि रोटरमधली फट, रोटर आणि पंपाच्या भिंतीमधली फट, रोटर आणि झाकणामधली फट, या तीन वाटांनी ऑइल मागच्या मागे पळू पाहतं. फट वाढली की किती पळतं याचा हिशेब भीती वाटावी असा आहे. दाब आणि ऑइलचा पातळपणा तोच ठेवला तर फट दुप्पट होताच गळती आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. माणसाचा एक केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. नवीन पंपात झाकणाकडची फट जवळपास तेवढीच किंवा त्याहून कमी असते. त्यात आणखी एका केसाएवढी झीज झाली तर डोळ्याला काय दिसणार? मिस्त्री पंप उघडतो, रोटर चमकताना पाहतो, ‘ओके आहे’ म्हणतो आणि बंद करतो.

बरं, गाडी स्वतःहून काही सांगत नाही. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे, नौदलाच्या इंजिनियरिंगचं प्रशिक्षण देणारं, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झालेलं केंद्र. तिथे ज्यांचं काम शिकवतात त्या जहाजांच्या इंजिनांवर ऑइलच्या दाबाचा काटा असतो. दाब घसरला की घंटा वाजते, आणखी घसरला की इंजिन आपोआप बंद पडतं. आपल्या रोजच्या मोटारसायकलींपैकी बहुतेकांवर काटा नाही, दिवाही नाही. पेट्रोल किती उरलं हे कळतं, गिअर कोणता हे कळतं, आता तर मोबाइलवर कोणाचा फोन आला तेही कळतं. ज्याच्यावर इंजिनचा जीव अवलंबून, तो दाब मात्र कळत नाही.

मावळात पंपावर जो भार पडतो तो सपाटीवरच्या गाडीवर पडत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे मुंबईकडून येणारी प्रत्येक मोटारसायकल खोपोलीहून शिंगरोबाच्या देवळावरून जुन्या रस्त्यानं वर चढते. खोपोली ते लोणावळा सुमारे साडेपाचशे मीटरची उंची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, दोन माणसं आणि सामान घेऊन ती चढली की ऑइल चांगलंच तापतं. तेही एक वेळ चालेल, कारण चढताना इंजिनचे फेरे जास्त असतात आणि पंपही तेवढ्याच वेगानं फिरत असतो. खरी परीक्षा वर आल्यावर होते. पावसाळ्यातला शनिवार-रविवार, खंडाळ्यापासून भुशी धरणाच्या फाट्यापर्यंत गाड्यांची रांग, इंजिन तापलेलं, हवेवर थंड होणारं, आणि हवा तर लागतच नाही. वर फेरे आयडलिंगचे. म्हणजे पंप सगळ्यात हळू फिरतोय आणि ऑइल सगळ्यात पातळ झालंय.

किती पातळ? डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. त्यातल्या ४० चा अर्थ असा की १०० अंश सेल्सिअसला त्या ऑइलची स्निग्धता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असते. तेच ऑइल ४० अंशांना शंभराच्या वर असतं. म्हणजे सकाळी जे ऑइल झिजलेल्या फटीतूनही फारसं पळत नाही, ते दुपारी त्याच फटीतून सात-आठपट सहज पळतं. म्हणून झिजलेल्या पंपाची गाडी सकाळी गप्प असते आणि घाट चढून आली की हेडमधून टिकटिक करते. टॅपेट सैल असतील तर उलट होतं, तो आवाज बहुधा थंड गाडीत जास्त येतो. नव्या मिस्त्रींना मी हा फरक पहिल्यांदा शिकवतो.

दुसरा मारा पावसाचा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इंजिनात पाणी शिरायला ओढ्यात बुडी मारावी लागत नाही. इंजिन थंड होताना ब्रीदरमधून दमट हवा आत खेचतं आणि तिचं पाणी आतल्या भिंतींवर जमतं. लांब पल्ल्याची गाडी असेल तर इंजिन तापून ते पाणी वाफ होऊन निघून जातं. पण आंदर मावळातला दूधवाला पहाटे वस्तीवरून डेअरीवर येतो, कॅन उतरवतो, परत जातो. इंजिन नीट तापतच नाही. अशा गाडीचं ऑइल ऑगस्टमध्ये काढलं तर दुधाळ चहासारख्या रंगाचं निघतं. हे पाणी पंपातल्या पोलादावर गंज धरतं. गाडी आठ दिवस उभी राहिली आणि मग किक मारली की तोच गंज बारीक पूड होऊन फटीत फिरतो आणि ॲल्युमिनियमच्या भिंतीवर गोल ओरखडे काढतो. पवन मावळातून, काले कॉलनीच्या बाजूनं येणाऱ्या गाड्यांच्या पंपात हे ओरखडे मी अनेकदा पाहिलेत.

एक सवय इथे बोलून दाखवतो. पेट्रोल वाचवायला काही जण घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ब्रेक तापतात आणि जीव धोक्यात येतो, ते तर आहेच. शिवाय क्रँक थांबला की पंप थांबतो, आणि मागचं चाक मात्र गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत राहतं. पंपानं ऑइल पोचवायच्या जागा तेवढा वेळ कोरड्या पडत जातात. असं कोणी करू नये.

पंप उघडायची सवय आपल्याकडे का लागली नाही, याला इतिहास आहे. मावळातल्या जुन्या मिस्त्रींचे हात राजदूत आणि येझदीवर बसले. त्या टू-स्ट्रोक गाड्या, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि ते जळून धुरातून बाहेर जायचं. १९८५ ला आलेल्या आरएक्स १०० मध्ये ऑइलला वेगळी टाकी आणि पंप होता, पण तो ऑइल मोजून जळायला सोडणारा. तेच ऑइल फिरवत ठेवणारा नव्हे. त्याच वर्षी हीरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक घराघरात शिरली. २००१ मध्ये पल्सर आली. दूधवाल्यांच्या गाड्या हळूहळू बदलल्या, मिस्त्रींची पद्धत मात्र टू-स्ट्रोकचीच राहिली: बोअर, पिस्टन, रिंग, आवाज बंद, पैसे द्या. ज्या माणसानं वीस वर्षं पंप नसलेली इंजिनं उत्तम बांधली, त्याला पंपाची आठवण न होणं मी समजू शकतो. त्यांच्याकडून मी खूप शिकलो. पण आज आयटीआय करून आलेली मुलंही पंप न उघडता हेड बसवतात, ते मला पटत नाही.

आता तपासणी. गाडी थोडी तापवून ऑइल काढायचं, म्हणजे तळाची घाणही वाहून येते. त्या ऑइलकडे नीट पाहायचं, बोटांत चोळायचं. चंदेरी चमक दिसली तर ते ॲल्युमिनियम. लोहचुंबकाला कण चिकटले तर ते पोलाद. मग क्लचच्या बाजूचं झाकण काढायचं. जाळी आधी बाहेर. जाळीत क्लच प्लेटचे तंतू सापडतात, आणि फार वेळा सापडतात सिलिकॉनच्या दोऱ्या. झाकण बसवताना पॅकिंगला हात भरून सिलिकॉन लावलं की जादाचं आत दाबलं जातं, सुकतं, तुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. पंप निर्दोष आणि जाळी तुंबलेली, अशाही गाड्या येतात. अशा वेळी पंप बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं.

पंप दोन-तीन बोल्टवर असतो. खोलल्यावर रोटरवर खूण आहे का पाहायची, नसेल तर मार्करनं करायची, कारण घासून घासून जुळलेल्या बाजू उलट बसवल्या तर झीज नव्यानं सुरू होते. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी डिझेलनं धुतो, हवेनं कोरडं करतो. मग नख फिरवायचं. भिंतीवर किंवा झाकणावर नख अडकलं तर पुढे मोजायचं कारण उरत नाही, तो पंप गेला.

नख अडकलं नाही तर फिलर गेज घ्यायचा. पोलादाची पातळ पाती एकत्र बांधलेली असतात, प्रत्येकावर जाडी कोरलेली. किंमत शे-दोनशे रुपयांच्या घरात. आतल्या रोटरचं टोक बाहेरच्या रोटरच्या टोकासमोर आणायचं आणि मधे पातं घालायचं. पातं ढकलून घुसवायचं नाही. हलका ओढा लागत सरकलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत नव्याला ०.१५ मिलिमीटर आणि शेवटची मर्यादा ०.२० असते. दुसरं माप बाहेरचा रोटर आणि भिंत यांच्यामध्ये; याची मर्यादा गाडीप्रमाणे पाव मिलिमीटरपासून त्याच्या थोडं पुढेपर्यंत जाते. तिसरं माप मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पंपाच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवायची आणि पट्टी व रोटर यांच्यामध्ये पातं घालायचं. इथे ०.१० ते ०.१५ च्या आसपास मर्यादा संपते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेतच पाहावा, अंदाजावर जाऊ नये.

या तिसऱ्या मापात एक घोटाळा दडलेला असतो. काही पंपांमध्ये झाकण आणि अंगाच्या मधे कागदी पॅकिंग असतं. ते पॅकिंग कंपनीनं ठरवलेल्या जाडीचं असतं, कारण पट्टीखालच्या फटीत त्याचीही जाडी मिळते. मूळ पॅकिंग फाटलं आणि मिस्त्रीनं शीटमधून कात्रीनं जाडसर कापून बसवलं, तर एकही फेरा न फिरता पंप झिजल्यासारखा होतो. नवे रोटर, नवं अंग, आणि तरी ऑइल वर चढत नाही. असा पंप मी हातात घेतला तेव्हा आधी मलाही उमगेना. पॅकिंगला मायक्रोमीटर लावल्यावर उलगडा झाला. कारखान्यातली ती जुनी सवय त्या दिवशी कामाला आली.

राहिला पंप फिरवणारा गिअर. काही गाड्यांत तो नायलॉनसारख्या प्लास्टिकचा असतो. आवाज कमी, वजन कमी, पण दात टोकदार झालेत का, मुळाशी बारीक तडा गेलाय का, शाफ्टच्या भोकात खेळ आलाय का, हे उजेडाकडे धरून पाहायचं. शाफ्टमधली छोटी पिन किंवा शाफ्टचा सपाट केलेला भागही पाहायचा. पिन कापली गेली तर गिअर ऐटीत फिरतो आणि रोटर जागच्या जागी.

जुन्या बुलेटचं, साधारण २०१० च्या आधीच्या इंजिनांचं, प्रकरण निराळं आहे. पुण्या-मुंबईची मंडळी लोहगड-विसापूरकडे त्या हौसेनं घेऊन येतात. त्यात रोटर नाहीत. क्रँकच्या टोकाला वर्म, वर्मवर दात असलेला स्पिंडल, आणि स्पिंडलवर चालणारे दोन पंप: एक ऑइल पुरवणारा, दुसरा परत आणणारा, आणि परत आणणाऱ्याची ताकद जास्त, म्हणजे क्रँकखाली ऑइल साचत नाही. तिथे वर्म आणि स्पिंडलचे दात पाहायचे. दातांचा माथा सुरीसारखा पातळ झाला असेल तर दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा एक जुना ठेवला तर नवाही लवकर खराब होतो. वर्मचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेल्या हातांनी पाना लावला की क्रँकच्या टोकाचंच नुकसान होतं. पंपाच्या तबकड्या स्प्रिंगनं बसणीवर दाबलेल्या असतात. त्यांची बसणी बारीक पेस्टनं घासून जुळवता येते, आणि हे काम शांतपणे करावं लागतं. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये.

झिजलेल्या पंपावर जाड ऑइल हा उपाय मला मान्य नाही. १०डब्ल्यू-३० च्या गाडीत ५० नंबरचं टाकलं की टिकटिक थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण फट तेवढीच राहते, आणि सकाळच्या गारठ्यात किक मारल्यावर ते जाड ऑइल हेडपर्यंत पोचायला वेळ लावतं. कॅमची बरीचशी झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. शंभर सीसीच्या गाडीचा पंप काही शे रुपयांत मिळतो. हेड, कॅम आणि रॉकरचं काम काही हजारांत जातं, आणि ज्याच्या गाडीवर रोजचं दूध जातं त्याचे खाड्याचे दिवस वेगळेच.

बसवतानाही एक काळजी आहे. कोरडा पंप ऑइल ओढू शकत नाही, म्हणून रोटर ऑइलमध्ये बुडवूनच बसवायचे आणि पंपाच्या तोंडात ऑइल भरायचं. सगळं बंद केल्यावर प्लग काढून, टॅपेटचं झाकण उघडं ठेवून किक मारत राहायचं. वर रॉकरपाशी ऑइल पाझरताना दिसलं की मगच प्लग लावायचा आणि गाडी चालू करायची. हीच तपासणी गाडीच्या मालकालाही करता येते: गाडी आयडलिंगवर ठेवून मिस्त्रीला टॅपेटचं झाकण काढायला सांगायचं आणि स्वतः वाकून पाहायचं. ऑइल उडत असेल, रॉकर ओला चकचकीत दिसत असेल तर पंप पोचवतोय. तिथे कोरडं आणि काळपट दिसलं तर हेडला हात लावण्याआधी पंप उघडायला लावायचा.

पाऊस लागायच्या आधी, मे महिन्यातच हे करून घ्यावं असं मी सगळ्यांना सांगतो. लोक सकाळी सकाळी, घराशेजारून थेट गॅरेजला गाडी आणतात आणि म्हणतात, ‘मामा, काल लई आवाज करत होती, आज गप बसलीया.’ तपासायला गाडी आणायची तर दूध घालून, घाट चढून, तापलेलीच आणा आणि बंद न करता माझ्यासमोर उभी करा.